मुलीला विचारायचं, पण परवानगी कुणाची?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४८ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा २१.९. ही पाहणी पंधराच्या खालच्या मुलींपर्यंत जातच नाही. तेराव्या वर्षी जिची सोयरीक ठरतेय तिलाच संशोधनासाठी त्याबद्दल विचारायचं, तर आधी हो कुणी म्हणायचं?

नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून १९४७ मध्ये माणसांवरच्या प्रयोगांसाठीची न्यूरेंबर्ग संहिता आली. माणसाची स्वतःची संमती हवी आणि ती द्यायची कायदेशीर पात्रताही हवी, म्हणजे मुलं बाहेरच. वैद्यकीय संशोधनाबद्दलच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यानं पालकांना मुलांच्या वतीनं संमती देता येईल असं केलं. पण पालकांची सही म्हणजे मुलाची सुरक्षितता नव्हे, हे न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेनं दाखवलं. तिथं बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना मुद्दाम काविळीची लागण केली होती, तीही पालकांच्या सह्या घेऊन. पुढं १९८३ च्या अमेरिकी नियमांत मुलाचा स्वतःचा होकार आला. शिवाय जिथं पालकच मुलाची आबाळ किंवा छळ करत असतील, तिथं त्यांची परवानगी वगळायची सोयही झाली. माझ्या मते मराठवाड्यासाठी महत्त्वाचं कलम हेच.

कारण इथं ऊसतोडीला जोडपं लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेला बाप दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडं निघतो. वयात आलेल्या पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं, या घोरातून लग्न उरकलं जातं. त्या लग्नाबद्दल बोलायला परवानगी मागायची ती लग्न लावणाऱ्याकडंच! शाळेत विचारावं तर ‘सरांनी सांगितलंय’ म्हणून पोरं मान डोलावतात. कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, विचारावं तर आडोसा नाही, शेजारणी येऊन बसतात.

आपल्याकडं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढं अठरापर्यंत लेखी होकार सांगितलाय. कागदावर हे ठीक. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं दुसरीच अडचण आणली. मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कुणालाही पोलिसांना कळवणं बंधनकारक. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीसाठी केंद्र सरकारनं तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांना अत्याचारांबद्दल विचारलं, तेव्हा ही अट नव्हती.

त्यात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अठराच्या आतल्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच ठरवला. म्हणजे सोळा वर्षांच्या विवाहितेला ‘दिवस गेलेत का?’ एवढं विचारलं, तरी उत्तर गुन्ह्याची माहिती ठरू शकतं. ‘कुणाला सांगणार नाही’ हे आश्वासन तिला देताच येत नाही. ही गोष्ट पहिल्या प्रश्नाआधीच तिच्या कानावर घालायला हवी. मग ती गप्प राहिली, तर फॉर्मवर वडिलांची सही असली तरी तो तिचा नकार धरावा.