जळाल्या त्या नोंदवह्या, मालकी नव्हे

अमेरिकेत जुन्या जमिनींचा माग काढणाऱ्यांमध्ये एक समज पक्का रुतलाय : 'काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) कोर्टहाउस जळालं ना? मग त्याआधीची मालकी विसरा.' दाखला हमखास शिकागोचा. ऑक्टोबर १८७१ च्या आगीत शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीच्या कोर्टहाउसमधल्या खरेदीखतांच्या नोंदवह्या खरोखरच राख झाल्या. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

मुळात कचेरीत मूळ खत राहतच नसे. कारकून ते वहीत हातानं उतरवून घेई आणि कागद मालकाला परत देई. म्हणजे जळाली ती नक्कल. ज्याच्या पेटीत खत शाबूत होतं, तो ते पुन्हा नोंदवू शकत होता.

खरी गंमत पुढे आहे. शहरात तीन खासगी पेढ्या जमिनीच्या व्यवहारांचे गोषवारे तयार करून विकत असत. आगीच्या धांदलीत त्यांनी आपल्या बऱ्याच वह्या बाहेर काढल्या; त्यांपैकी एका पेढीच्या जॉन शॉर्टॉल यांनी तर रस्त्यावरची गाडी अडवून तीत वह्या भरल्या! तिघांच्या वह्या एकत्र जुळवल्यावर मालकीची साखळी पुन्हा उभी राहिली. १८७२ मध्ये इलिनॉय राज्यानं खास कायदा करून हे गोषवारे कोर्टात पुरावा म्हणून चालतील अशी सोय केली.

शिवाय, केंद्र सरकारनं जिथे जमीन पहिल्यांदा खासगी माणसाला विकली, तिथे त्या विक्रीची नोंद वॉशिंग्टनला. तिथवर शिकागोची आग कशी पोचणार?

अर्थात गोषवारा म्हणजे अख्खं खत नव्हे. त्यातला बारीकसारीक मजकूर गेला तो गेलाच.