एका जनगणनेपुरता वंश
मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबातील नातवंडे घराण्याचे जुने कागद पाहू लागली की, एकच आजोबा १९२० च्या जनगणनेत 'गोरे', १९३० मध्ये 'मेक्सिकन' आणि १९४० मध्ये पुन्हा 'गोरे' असे आढळू शकतात.

या गोंधळाचे मूळ अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातील १८४८ च्या तहात आहे. मेक्सिकोचा उत्तरेकडील विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेकडे गेला आणि तेथेच राहिलेल्यांना नागरिकत्व देऊ करण्यात आले. त्या कुटुंबांनी सीमा ओलांडलेलीच नव्हती. मात्र परक्यांना नागरिकत्व देण्याचा अमेरिकी कायदा गोऱ्यांपुरता आणि १८७० नंतर आफ्रिकी वंशीयांपुरता मर्यादित असल्याने १८९७ मध्ये टेक्ससमधील एका न्यायालयाला या तहाचा आधार घेऊन मेक्सिकन अर्जदाराला पात्र ठरवावे लागले. मेक्सिकोतील १९१० च्या क्रांतीनंतर रेल्वेच्या आणि शेतीच्या कामावर आलेली माणसे याच सोयीच्या गोरेपणाखाली नोंदली गेली.

१९३० मध्ये प्रगणकांना सांगण्यात आले की, मेक्सिकोत जन्मलेली किंवा आईवडील तेथे जन्मलेले आहेत अशी जी व्यक्ती निश्चितपणे गोरी, काळी, मूलनिवासी, चिनी वा जपानी नाही, तिची नोंद 'मेक्सिकन' वंशाची करावी. हा खरे तर उरल्यासुरल्यांचा रकाना होता. त्यात सुमारे १४ लाख माणसे गेली, आणि तिसरी पिढी मात्र व्याख्येनुसारच बाहेर राहिली, म्हणजे एकाच घरात आजीचा वंश वेगळा आणि नातवाचा वेगळा! कोण 'निश्चितपणे गोरे' हे ठरवणे दारात उभ्या असलेल्या प्रगणकाच्या नजरेवर सोपवलेले होते.

प्रश्न केवळ नावाचा नव्हता. महामंदीच्या त्याच वर्षांत लाखो मेक्सिकनांना, त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांसह, 'स्वदेशी' पाठवले गेले. ज्या मुलांनी तो देश पाहिलाही नव्हता त्यांच्या बाबतीत हा शब्द वापरणे निलाजरेपणाचे होते. १९३५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका न्यायाधीशाने मूलनिवासी रक्ताचे कारण देऊन मेक्सिकन अर्जदारांना नागरिकत्व नाकारले, तेव्हा 'गोरे नाही' या शेऱ्याची किंमत स्पष्ट झाली. मेक्सिकोच्या सरकारने आणि अमेरिकेतील मेक्सिकन समाजाने हरकत घेतल्यावर १९४० मध्ये तो रकाना काढून टाकण्यात आला.

पुढे १९४२ ते १९६४ या काळात कंत्राटी मजूर आले आणि १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख स्थलांतरितांना वैध दर्जा मिळाला. १९८० पासून हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषक देशांतले) मूळ हा प्रश्न वंशापासून वेगळा ठेवून प्रत्येकाला विचारला जाऊ लागला. मार्च २०२४ मध्ये मात्र हे दोन्ही प्रश्न पुन्हा एकत्र करण्याचा निर्णय झाला.