बायकोचा फोटो, पाव सेकंदाहून थोडं जास्त आणि पुढची चार वर्षं

लग्नसराई आली की आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो: अरेंज्ड मॅरेजमध्ये प्रेम वर्षागणिक वाढतं, लव्ह मॅरेजमध्ये पाचेक वर्षांत आटतं, आणि हे म्हणे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. यंदाही आला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. तेव्हाच ठरवलं की यावर नीट लिहायचं.

फॉरवर्डच्या मुळाशी खरा अभ्यास आहे बरं का. १९८२ साली जयपूरमध्ये उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांनी ५० जोडप्यांकडून प्रेम मोजायची प्रश्नावली भरून घेतली, आणि त्यात असं दिसलं की जुन्या अरेंज्ड जोडप्यांचे मार्क नव्यांपेक्षा जास्त आहेत आणि लव्ह मॅरेजवाल्यांचं उलटं आहे. पण नीट बघा, नवी जोडपी वेगळी आणि जुनी जोडपी वेगळी! एकाही जोडप्याला पहिल्या वर्षी आणि मग दहाव्या वर्षी असं दोनदा विचारलेलं नाही. मग "वाढतं" आणि "आटतं" ही क्रियापदं आली कुठून? शिवाय ज्यांचं मधेच मोडलं ते दहाव्या वर्षाच्या गटात नसतातच. कर्जत लोकलमध्ये नेरळला चढून प्रवास कसा झाला विचारलं तर गर्दीला वैतागून ठाण्यालाच उतरलेला माणूस उत्तर द्यायला डब्यात नसतो, तसंच हे. त्यात ५० जोडपी लग्नाचा प्रकार आणि झालेली वर्षं यांप्रमाणे गटांत वाटली की एकेका गटात मोजकीच उरतात.

म्हणून लग्नाबद्दल खरंच काही कळून घ्यायचं तर तीच जोडपी पहिल्या वर्षापासून धरायची आणि वर्षानुवर्षं सोडायची नाहीत. १९८६ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने हेच केलं. डेट्रॉइट ज्या वेन काउंटीत येतं तिथे लग्नाच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्या जोडप्यांमधून ३७३ जोडपी घेतली, १९९ कृष्णवर्णीय आणि १७४ गोरी, सगळ्यांचं पहिलंच लग्न. सोळाव्या वर्षापर्यंत त्यातली ४६ टक्के विभक्त झाली होती. हा आकडा पुष्कळ ठिकाणी छापून येतो, मला मात्र त्याहून मोठी वाटते ती आठवणींची गोष्ट.

डायान होमबर्ग आणि जॉन होम्स या मानसशास्त्रज्ञांनी याच ३७३ जोडप्यांच्या उत्तरांवर काम केलं. सुरुवातीला बहुतेक सगळे खूश होते आणि तसं लिहूनही दिलेलं होतं. दोन वर्षांनी परत विचारलं तेव्हा ज्यांचं बिनसलं होतं ते म्हणाले, आमचं पहिल्यापासूनच असं होतं. लोक खोटं बोलत होते असं नाही, आठवण आजच्या मूडवरून परत लिहिली जाते आणि लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणजे दहा वर्षांनी "सुरुवातीला कसं होतं हो" असं विचारून मिळतं ते आजचं उत्तर, सुरुवातीचं नाही. सुरुवात कळायची तर सुरुवातीलाच नोंद हवी, दुसरा मार्ग नाही.

आता तुम्ही म्हणाल, नव्या नवरीला विचारलं तर ती छानच सांगणार, घरचे ऐकतायत, लग्नाचा अल्बमसुद्धा अजून आला नाहीये! बरोबर आहे, आणि इथेच मला सगळ्यात आवडणारा प्रयोग येतो. २०१३ साली मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकनल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 'सायन्स' या संशोधनाच्या नियतकालिकात छापला. १३५ नवविवाहित जोडपी. प्रत्येकाला कॉम्प्युटरसमोर बसवलं. स्क्रीनवर जोडीदाराचा फोटो ३०० मिलिसेकंद, म्हणजे एक तृतीयांश सेकंदाहूनही कमी वेळ दिसतो, लगेच एक शब्द येतो, आणि तो शब्द चांगल्या अर्थाचा की वाईट अर्थाचा हे बटण दाबून जमेल तितक्या पटकन सांगायचं. बास. जोडीदाराबद्दल एक अक्षर विचारत नाहीत.

यामागची मेख अशी आहे की चेहरा दिसताक्षणी, आपण विचार करायच्या आधीच, मेंदूत त्या माणसाबद्दलची भावना जागी होते. ती गोड असेल तर पाठोपाठ आलेला "सुंदर" सारखा शब्द ओळखायला सोपा जातो कारण वाट आधीच मोकळी झालेली असते, आणि "भयंकर" सारख्या शब्दाला बोट किंचित अडखळतं, कारण मनात एक आणि स्क्रीनवर दुसरंच. भावना कडू असेल तर याच्या उलट. हा फरक काही मिलिसेकंदांचा, आपल्याला स्वतःला जाणवणारसुद्धा नाही, त्यामुळे ठरवून लपवणं फार अवघड.

पण मग इतका बारीक फरक पकडायचा कसा? समजा एकाच माणसाचं बटण दाबणं दर वेळी १०० मिलिसेकंद इकडेतिकडे होतं (शिंक आली, डोळा मिटला, लक्ष गेलं) आणि आपल्याला शोधायचाय फरक ४० मिलिसेकंदांचा. एकदा मोजून काहीच दिसणार नाही. पण १०० वेळा मोजून सरासरी काढली की सरासरीतली अनिश्चितता १०० च्या वर्गमूळाने भागली जाते, म्हणजे १०० चे १० मिलिसेकंद होतात. चांगल्या शब्दांची एक सरासरी, वाईट शब्दांची दुसरी, त्यांची वजाबाकी, आणि वजाबाकीत दोघांच्या अनिश्चितता मिळून साधारण १४ होतात, कारण त्यांचे वर्ग मिळवून मग वर्गमूळ काढायचं असतं. १४ च्या समोर ४० उठून दिसतो. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण रीत हीच. काही माणसं मुळातच हळू असतात, वजाबाकीमुळे तोही प्रश्न सुटतो, कारण हळू माणूस दोन्ही शब्दांना हळू असतो.

मग चार वर्षं, दर सहा महिन्यांनी, या जोडप्यांना विचारत राहिले की लग्नात किती समाधानी आहात. सुरुवातीला तोंडाने किंवा कागदावर जोडीदाराबद्दल जे सांगितलं होतं त्याचा पुढे काय झालं याच्याशी संबंध लागला नाही, बोटांनी सांगितलेल्याचा लागला! ज्यांची ती पहिली आपोआपची भावना जास्त गोड, त्यांचं समाधान कमी घसरलं. आणि ते बोटातलं उत्तर तोंडातल्या उत्तराशी जुळतही नव्हतं. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा झोप लागली नव्हती.

एक सावधगिरी मात्र हवीच. हे गटाबद्दलचं सत्य आहे, एका जोडप्याचं भविष्य नाही. उद्या कोणी ॲप काढून "फोटो बघा, घटस्फोट ओळखा" म्हणेल तर पैसे देऊ नका. सिॲटलचे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या नावाने ९० टक्क्यांहून अचूक भाकितं बातम्यांत फिरतात, पण निकाल माहीत झाल्यावर त्याच जोडप्यांवर बसवलेलं समीकरण नव्या जोडप्यांवर तपासावं लागतं, आणि रिचर्ड हेमन आणि एमी स्लेप यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की अशी समीकरणं दुसऱ्या गटावर लावली की त्यांचा जोर बराच उतरतो. आणि पत्रिकेबद्दल तर सरळच सांगते, ३६ पैकी किती गुण जुळले हे जन्माच्या वेळी चंद्र कुठे होता त्यावरून ठरतं, त्यात त्या दोन माणसांचं वागणं कुठेच येत नाही. मंगळ म्हणून चांगली स्थळं नाकारली जातात, मुलींना वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं, हे थांबायला हवं.

हे सगळं लिहायला अजून एक कारण झालं. माझी मामेबहीण ऐरोलीला असते, नवीनच लग्न झालंय, तिला एका पीएचडी करणाऱ्या मुलीने अशाच अभ्यासात भाग घ्याल का विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "घरातलं बाहेर कशाला सांगायचं?" तिने मला फोन केला, "ताई, भरू का गं?"

मी म्हटलं भर, पण आधी विचारून घे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांप्रमाणे संमती समजावून घ्यावी लागते, आणि कधीही कारण न देता बाहेर पडता येतं, त्याबद्दल काही नुकसान करता येत नाही. उत्तरांवर नाव राहणार की नुसता कोड नंबर, रेकॉर्डिंग कोण ऐकणार आणि कधी पुसणार, नवऱ्याची उत्तरं बायकोला किंवा बायकोची नवऱ्याला कळणार का, एथिक्स कमिटीची (भाग घेणाऱ्यांना त्रास होणार नाही ना हे आधी तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आहे का, हे सगळं विचारायचा हक्क आहे. नवरा-बायकोने वेगवेगळं बसून भरायचं, आधी आपसात ठरवून नाही, नाहीतर दोघांचं एकच उत्तर येतं आणि त्याचा काही उपयोग नाही.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच आहे, वेगळं बसणार कुठे? वन बीएचकेत सासू-सासरे, दीर, टीव्ही चालू, अशात सुनेला "तुम्ही खूश आहात का" विचारून काय मिळणार. वाशीहून खाडी ओलांडली की देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते. त्यात घरातल्या हिंसेचे प्रश्न एका घरातल्या एकाच बाईला विचारतात, तेही एकांत मिळाला तरच, नाही मिळाला तर तो भाग सोडून देतात. हा नियम बाईच्या सुरक्षेसाठी आहे. लग्नावरच्या कुठल्याही अभ्यासाने इतकी काळजी घ्यायलाच हवी, आणि घेत नसतील तर मी बहिणीला नाही म्हणायला सांगेन.

तिने अजून एक विचारलं, मधे भांडणं झाली आणि भरावंसं वाटलं नाही तर? बाहेर पडायचा हक्क तिचाच, पण मी तिला हेही सांगितलं की नेमकी तीच उत्तरं सगळ्यात मोलाची असतात, कारण दुःखी माणसंच गळत गेली तर उरलेल्यांची सरासरी खोटीच गोड दिसते आणि पुन्हा तो ग्रुपवरचा फॉरवर्ड तयार होतो. मिशिगनवाल्यांनी म्हणूनच घटस्फोट झालेल्यांनाही सोडलं नाही, ते वेगळे झाले, काहींनी दुसरं लग्न केलं, तरी त्यांच्या मुलाखती घेत राहिले.