डिफरन्शियलला वेल्डिंग मारलं की…

'डिफरन्शियल वेल्ड करा, गाडीची ताकद दुप्पट' अशा थाटाच्या रील फिरतात. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांना वाटून देणारा गियरचा संच. ताकद तसूभरही वाढत नाही. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच; बदलते ती फक्त मागच्या दोन चाकांमधली वाटणी. आणि माझ्या मते अख्ख्या मोटारीत या वाटणीइतकं देखणं काही नाही.

वळणावर बाहेरचं चाक जास्त धावतं. किती जास्त? दोन चाकांमधलं अंतर गुणिले गाडी वळली तो कोन, रेडियनमध्ये. वळणाची त्रिज्या गणितातून चक्क गळून पडते! चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असेल तर काटकोनात वळताना फरक २.२ मीटर, मग वळण गल्लीतलं असो की महामार्गावरचं. यावर फ्रान्सच्या ओनेसिफोर पेक्युरने १८२० च्या दशकातच वाफेच्या गाडीसाठी तोड काढली होती.

क्राउन व्हील, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरणारं मोठं दातेरी चाक, गाडीच्या चाकांना थेट फिरवत नाही, एक पिंजरा फिरवतं. पिंजऱ्यात आडव्या पिनवर छोटे स्टार गियर, त्यांना दोन्हीकडून भिडलेले सन गियर, आणि सन गियरमध्ये एक्सल. सरळ रस्त्यावर सगळं एकगठ्ठा फिरतं. वळणावर स्टार गियर पिनवर फिरू लागतात. एक चाक जितकं मंदावतं तितकंच दुसरं पळतं.

गोम पुढे आहे. स्टार गियर म्हणजे मधोमध टेकलेलं जू. एका बैलाने अंग चोरलं की जू तिरकं होतं आणि दुसऱ्यालाही जोर लावता येत नाही. समजा चिखलातलं चाक ५० न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) पेलतं आणि कोरड्यावरचं ८००. साधं डिफरन्शियल दोघांना ५०-५० देणार, एकूण १००. दात वेल्ड करून जू गच्च केलं, की ५० अधिक ८००, म्हणजे ८५०.

जपानच्या घाटांत ड्रिफ्टिंग, म्हणजे वळणावर गाडी मुद्दाम आडवी घसरवणं, रुजलं ते याच हिशेबावर. वळणात भार बाहेरच्या चाकावर जातो, आतलं हलकं होऊन नुसतं गरगरतं आणि गाडीचं शेपूट काही सुटत नाही. दोन्ही चाकं एकदम घसरली तरच गाडी आडवी धरता येते. ज्यांना लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एका चाकाला फार गरगरू न देणारं डिफरन्शियल) परवडत नव्हतं, त्यांनी जुन्या टोयोटा एई८६ किंवा निसान सिल्व्हियाच्या डिफरन्शियलला वेल्डिंग मारलं.

पण ते २.२ मीटर कुठे जातात? टायरमध्ये. पार्किंगमध्ये वळवताना टायर कुंईकुंई करतात, रबर घासतं, एक्सल पिळला जातो. हळू वळताना गाडी नाक सरळच धरते. ओल्या रस्त्यावर मात्र अचानक गिरकी घेऊ शकते. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत हा प्रयोग केला तर स्टिअरिंगशी कुस्तीच.

वेल्डिंगही सोपं नाही. या गियरच्या पृष्ठभागात कार्बन मुरवलेला असतो. आधी न तापवता टाका मारला, की आजूबाजूचं थंड लोखंड उष्णता झपकन शोषून घेतं आणि सांध्याजवळ मार्टेन्साइट तयार होतं: कडक, पण ठिसूळ. पुढे तडा जातो. सुटलेला तुकडा क्राउन व्हील आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन यांच्या दातांत अडकला, तर मागची दोन्ही चाकं धावत्या गाडीत जाम होऊ शकतात.

शेतातल्या ट्रॅक्टरला हीच सोय आधीपासून आहे: डिफरन्शियल लॉकचं पेडल. चिखलात दाबायचं, वळायच्या आधी सोडायचं. वेल्डिंगला असं पेडल नसतं.