जाड ग्रिप म्हणजे स्लाइस?

गोल्फमधला जुना समज असा: क्लबवर (गोल्फच्या काठीवर) जाड ग्रिप, म्हणजे हातात धरायचं रबरी आवरण, बसवली की मनगटं अडतात आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळतो, म्हणजे स्लाइस होतो, आणि बारीक ग्रिपने तो डावीकडे जातो. हा सरसकट नियम नाही. चेंडू वळतो तो मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबच्या फेसची (चेंडूला लागणाऱ्या बाजूची) दिशा आणि स्विंगची दिशा वेगळी असल्यामुळे. जाडी बदलल्यावर प्रत्येकाचा हात वेगळं वागतो, म्हणून स्लाइसवर औषध म्हणून बारीक ग्रिप घेऊ नका.

मिडसाइज ग्रिप स्टँडर्डपेक्षा साधारण १/१६ इंच जाड, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास. आधी एकाच क्लबवर बदलून पाहा. ग्रिपखाली मास्किंग टेपचा एक जादा थर दिला तर जाडी जेमतेम १/६४ इंचाने वाढते. इतक्या बारकाईने जमवता येतं. वजनही विचारा, कारण जड ग्रिपने क्लबचं डोकं हलकं वाटू लागतं.

माझ्या मते जाडीपेक्षा झीज जास्त नडते. अंगठ्याखाली रबर चकचकीत, कडक झालं असेल तर हात घसरतो, मूठ आवळली जाते. आधी कोमट साबणाच्या पाण्याने घासून पाहा. तरी गुळगुळीतच राहिली तर बदला.