तापदायक माहिती अर्ज

मिळणाऱ्या माहितीच्या मानाने सार्वजनिक कार्यालयाला उघडपणे अवाजवी ताप देणारा माहिती अर्ज. ही कायदेशीर संकल्पना प्रामुख्याने ब्रिटनमधली. तेथील माहिती स्वातंत्र्य अधिनियम, २००० च्या कलम १४(१) नुसार असा अर्ज नाकारता येतो. मात्र ‘तापदायक’ म्हणजे काय, हे त्यात सांगितलेले नाही. तो अर्थ अपर ट्रिब्युनल या तेथील वरिष्ठ न्यायाधिकरणाने जानेवारी २०१३ मध्ये डेव्हन काउंटी कौन्सिल या स्थानिक प्रशासनाच्या प्रकरणात लावला. कार्यालयावरचा भार, अर्जदाराचा हेतू, मागितलेल्या माहितीचे मोल आणि कर्मचाऱ्यांना होणारा मनस्ताप या चार बाजू एकत्र पाहाव्यात, ठोकताळा म्हणून लावू नयेत, असे ट्रिब्युनलने म्हटले. २०१५ मध्ये अपील न्यायालयानेही नकाराची कसोटी कडकच ठेवली. तापदायक ठरतो तो अर्ज, माणूस नव्हे. पूर्वीचा पत्रव्यवहार विचारात घेता येतो, पण नाव पाहून अर्ज बाजूला टाकता येत नाही.

भारताच्या माहिती अधिकार अधिनियम, २००५ मध्ये असे कलमच नाही. नकाराची कारणे कलम ८ व ९ मध्ये आहेत, आणि माहिती कशासाठी हवी हे कलम ६(२) मुळे विचारता येत नाही. अर्जांना उत्तर देणारे काही जन माहिती अधिकारी नकारासाठी कलम ७(९) पुढे करतात. ते चुकीचे आहे. मागितलेल्या स्वरूपात माहिती देणे साधनसामग्रीला झेपत नसेल, तर स्वरूप बदलावे, एवढेच ते कलम सांगते. शेकडो नस्त्यांच्या छायाप्रती काढणे जड जात असेल, तर अर्जदाराला त्या पाहायला बोलवावे.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सरसकट, अव्यवहार्य मागण्यांविरुद्ध इशारा दिला: ७५ टक्के कर्मचाऱ्यांचा ७५ टक्के वेळ माहिती गोळा करण्यात जावा, हे देशाला नको. महाराष्ट्राने २०१२ मध्ये एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा घातली.

अर्ज मागे घेण्यासाठी पैसे मागणे ही खंडणी आहे, आणि त्यासाठी फौजदारी कायदा आहे. तिच्या नावाखाली प्रत्येक चिकाटीच्या अर्जदाराला खोडसाळ ठरवणे घातक ठरते. माहिती अर्जांतून जमीन गैरव्यवहार उघडकीस आणणारे कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे येथे खून झाला.

एकाच विषयावर पुन्हा पुन्हा अर्ज येतात, तेव्हा ती माहिती आधीच जाहीर व्हायला हवी होती का, हे प्रथम तपासावे. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४ नुसार कार्यालयांनी कामकाज, अंदाजपत्रक, लाभार्थी यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो. त्यासाठी कायदा झाल्यापासून १२० दिवसांची मुदत होती.