एकात्मिक उपचार (नाशिक)

एकाच रुग्णावर आधुनिक वैद्यकाचे आणि आयुर्वेद, योग यांसारख्या पारंपरिक पद्धतींचे उपचार ठरवून, परस्परांना कळवून करणे याला एकात्मिक उपचार म्हणतात. दोन दवाखान्यांतून दोन प्रकारची औषधे आणायची आणि एकाचे दुसऱ्याला कळू द्यायचे नाही, हा प्रकार मात्र यात बसत नाही. तो घरोघरी चालतो आणि बरेचसे त्रास तिथूनच सुरू होतात.

नाशिकला या विषयात वेगळे स्थान आहे. १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे. एमबीबीएस, बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी), युनानी, होमिओपॅथी, दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी या शाखांची राज्यातील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद सेवा संघाचे महाविद्यालय आहे. योग विद्या धाम या संस्थेचे विश्वास मंडलिक यांना २०१८ साली योगाच्या प्रसारासाठीचा पंतप्रधान पुरस्कार मिळाला. जिल्ह्यातच, इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यना ध्यानाची दहा दिवसांची शिबिरे होतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत जडीबुटी जाणणारे वैदू आणि भगत आजही आहेत. इतक्या पद्धती एकाच जिल्ह्यात नांदत असूनही रुग्णाचा केस पेपर मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा निघतो.

पारंपरिक औषध आधुनिक कसोटीला उतरल्याची भक्कम उदाहरणे भारतात आहेत. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबावर सर्पगंधा या औषधी वनस्पतीचा उपयोग होतो हे ब्रिटिश नियतकालिकात मांडले. पुढे १९५२ मध्ये त्या मुळीतून रेसरपीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि जगभर वापरले गेले. दुसरे उदाहरण क्षारसूत्राचे. निवडुंगासारख्या दिसणाऱ्या थोराचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे लेप पुन्हापुन्हा चढवलेला हा दोरा भगंदरात (गुदद्वाराजवळच्या नळीसारख्या जखमेत) ओवतात आणि ठरावीक दिवसांनी बदलतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली व निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. क्षारसूत्राने जखम भरायला आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. पण दुखणे उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, तर शस्त्रक्रियेत ११ टक्के आढळले. वेळ जास्त, उलटण्याची भीती कमी, असा हा हिशेब आहे. तो रुग्णापुढे मांडून त्याला निवड करू देणे, हे एकात्मिक उपचाराचे उत्तम रूप होय. जुनाट कंबरदुखीत योगासनांचा उपयोग होतो, यालाही चांगला आधार आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत औषधांआधी ज्या उपायांची शिफारस आहे, त्यांत योग आहे.

प्रत्येक उपायाला इतका आधार नसतो. अभ्यंग (तेलाचे मालिश), स्वेदन (वाफ देऊन घाम आणणे), शिरोधारा (कपाळावर तेलाची धार) यांनी आराम वाटतो. त्यावरून मूळ आजार बरा होतो असे ठरत नाही. विपश्यना शिबिराच्या आयोजकांकडूनही गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिराला न येण्याचा सल्ला दिला जातो.

‘आयुर्वेदिक आहे, त्याने काय अपाय होणार?’ हे वाक्य नाशिकच्या कोणत्याही दवाखान्याबाहेर ऐकू येते. अपाय होऊ शकतो. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. हृदयरोगावर डिगॉक्सिन घेणाऱ्याला ते धोक्याचे ठरते. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत कारल्याचा रस, मेथी, गुडमार घेतल्यास साखर नको इतकी उतरू शकते. रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असताना लसूण, आले, हळद यांच्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. कोविडच्या काळात कुंपणावरची गुळवेल तोडून काढे उकळले गेले. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले, तेव्हा ती दुसऱ्याच सारख्या दिसणाऱ्या वेलीची चूक असावी, असे आयुष मंत्रालयाचे (आयुर्वेद, योग, होमिओपॅथी इत्यादींचे केंद्रीय मंत्रालय) म्हणणे होते. पारा, शिसे असलेली रसौषधे (धातू व खनिजांपासून केलेली आयुर्वेदिक औषधे) वैद्याच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत. बनावट किंवा नीट न बनवलेल्या भस्मांनी शिशाची विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत. याहून मोठे नुकसान चालू औषधे थांबवल्याने होते. इन्सुलिन, फिटची किंवा क्षयाची औषधे काढ्याच्या भरवशावर बंद करणे जिवावर बेतते. सर्पदंशात तर वेळ दवडून मुळीच चालत नाही. आधी गाडी करून प्रतिविष मिळेल त्या रुग्णालयात जायचे.

कायद्याच्या बाजूने चित्र गुंतागुंतीचे आहे. महाराष्ट्रात नोंदणीकृत आयुर्वेद वैद्यांना शासनाच्या अधिसूचनेनुसार काही मर्यादेत ॲलोपॅथीची औषधे देता येतात. शल्य (शस्त्रक्रिया) व शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा यांचे उपचार) या आयुर्वेदाच्या विषयांत पदव्युत्तर झालेल्यांना ५८ शस्त्रक्रियांचे प्रशिक्षण देण्याची अधिसूचना नोव्हेंबर २०२० मध्ये निघाली. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी नाशिकच्या याच विद्यापीठाने आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवला आहे. ही अधिसूचना आणि हा अभ्यासक्रम या दोन्हींना इंडियन मेडिकल असोसिएशन या ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध राहिला आहे. हा वाद डॉक्टरांच्या अधिकाराचा आहे. कोणता डॉक्टर कोणाला काय कळवणार, हा रुग्णाच्या दृष्टीने अधिक निकडीचा प्रश्न त्यात मागे पडतो.

तोवर व्यवहारात रुग्णाने घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णे आणि काढ्याच्या बाटल्या एका पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरकडे न्याव्यात, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञालाही दाखवाव्यात. आयुष औषधाने त्रास झाल्याचा संशय असल्यास त्याची नोंद आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमात करता येते.